चालते आधी

चव्वेचाळीस सेकंद अकरा नंबरचा बेड वॉर्डच्या दारात अडकून होता आणि तो मीच अडकवला होता. खरी आग नव्हती. सोमवारी सकाळी पावणेअकराला घंटा वाजली ती मॉक ड्रिलची. या आठवड्यात कधीतरी ती वाजणार हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, नेमकी वेळ तेवढी भैय्याजींनी पोटात ठेवली होती. भैय्याजी म्हणजे आमच्या दवाखान्याचे आगीपासून बचावाचे साहेब. तीस वर्षं बंबावर काढून निवृत्त झालेत, पण मिशा अजून ड्युटीवर आहेत. आणि मी या बायकांच्या सर्जरी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, धनश्री. बावीस वर्षांची नोकरी. नियम मला तोंडपाठ आहे, नव्या मुलींना मीच शिकवते: आगीला अगदी लागून असेल तिला आधी बाजूला घ्या, मग चालत्या बायका, मग खुर्चीवाल्या, आणि बेडवरच्या सगळ्यांत शेवटी. भैय्याजी ते दोन शब्दांत सांगतात, "चालते आधी." म्हणून तर आम्ही प्रत्येक बेडच्या लोखंडी दांडीला रिबिनी बांधल्या आहेत, हिरवी चालतीला, पिवळी खुर्चीवालीला, लाल न उठणारीला. घंटा वाजली तेव्हा मी आवाज द्यायला हवा होता, ऑक्सिजनचा कॉक बंद करायला हवा होता. त्याऐवजी माझे पाय सरळ अकरा नंबरकडे गेले, लाल रिबिनीकडे. चपलेनंच चाकाचा ब्रेक सोडला आणि बेड ढकलत दारापर्यंत नेला. दाराचं एक पान आम्ही वरच्या कडीनं कायम बंद ठेवतो, नाहीतर भेटायला येणारी मंडळी डबे घेऊन केव्हाही आत घुसतात. अर्ध्या दारातून बेड जाणार कसा? तो तिरका होऊन चौकटीत बसला. मागे सतरा बायका, कुणी पोट धरून उभ्या, कुणी सलाईनची बाटली वर धरून, कुणी बेडवर पडल्या पडल्या, माझ्याकडे पाहत होत्या. अकरा नंबरवर माझी आई होती.

भैय्याजी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं, वहीत काहीतरी लिहिलं, आणि वॉर्डची आया अनुसया स्टुलावर चढून दाराची कडी काढेपर्यंत थांबून राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, सच्ची आग असती ना, तर मागच्या सतरा गेल्या असत्या. और माताजी भी. दारातच." ते पुढे म्हणाले, "याच हप्त्यात फिरून घेतो मी ड्रिल. तोवर चार्ज तुमच्याकडे ठेवायचा की दुसऱ्या कोणाकडे, हे तुम्हीच सांगा मले. मी वर काही कळवत नाही." किती सभ्य माणूस. त्यांचा सभ्यपणा मला दिवसभर मानेत लचक भरल्यासारखा दुखत राहिला. दुपारची औषधं वाटताना, तापाचे तक्ते भरताना माझं लक्ष माझ्याच हातांकडे जात होतं. बावीस वर्षं हे हात मी सांगेन ते करत आलेत. शीर सापडत नसेल तर डॉक्टर मला बोलावतात. आणि आज त्यांनी मला न विचारता एक बेड ढकलला. उद्या खरंच धूर झाला तर ते काय करतील? नियम आठवतील की आई? हे मला सांगता येत नव्हतं. ज्या बाईला स्वतःच्या हातांचं सांगता येत नाही तिच्या भरवशावर अठरा बायका झोपवायच्या कशा?

आई तर माझ्याशी बोलेना. तिचं नाव यमुना, सगळे यमुताई म्हणतात. वय सत्त्याहत्तर. न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं, तीन दिवसांपूर्वी आमच्याच इथे ऑपरेशन झालं. कूस बदलायची बंदी, पण मान तिची तीच वळवू शकते, आणि तिनं ती भिंतीकडे वळवून ठेवली होती. मी सूप भरवायला गेले तर तोंड मिटलेलं. "आई, मॉक ड्रिल होती ती," मी म्हणाले. "मले समजते काय होतं ते," ती भिंतीला म्हणाली. "लाजवलं तू मले. बारा नंबरच्या पोरीचं कालच पोट फाडलं, तशी उभी होती बिचारी. तिले माय नाही का? तिची माय काय म्हनन, का सिस्टरबाई आपल्या म्हातारीले घेऊन पळाली." "अवं पण तू चालू शकत नाहीस ना." "म्हनूनच! चालत नाही ती थांबन. एवढं काहून समजत नाही तुले?" आणि मग चादरीचं टोक बोटांत धरून तिनं ते चुरगळून पाहिलं, तिची जन्माची सवय. हातमागावरच्या घरात आयुष्य काढलेली बाई, कुठलंही कापड हाती लागलं की त्याचं सूत पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. "हे बी कच्चंच हाय," ती म्हणाली. चादर की मी, ते मी विचारलं नाही.

सरिता हे सगळं ऐकत चार नंबरचं ड्रेसिंग करत होती आणि हसू दाबत होती. सरिता माझ्या हाताखालची सिस्टर, पण तेवढंच नाही. आमच्या लहानपणी गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. तिची आई भीमाबाई मिलमध्ये कामाला जायची तेव्हा आठ महिन्यांची सरिता आमच्याकडे असायची, मागाच्या खोलीत, आढ्याला बांधलेल्या झोळीत. माझ्या मागे मागे शाळेत आली, माझ्या मागे मागे नर्सिंगला आली, आणि आईला ती अजून मोठीमाय म्हणते. आईसुद्धा माझ्या हातचं सूप नाकारून तिच्या हातचं प्यायली, पार वाटी चाटूनपुसून. "पाहा ताई," सरिता मला म्हणाली, "मोठीमायच्या लिस्टमध्ये मी पहिल्यापासून वरच आहे." गमतीनंच म्हणाली. तिला कुठून माहीत असणार की हे वाक्य माझ्या आत चाळीस वर्षं एका कुसळासारखं बसलेलं आहे, दिसत नाही, दुखतही नाही, पण बोट फिरवलं की लागतं.

कारण आमच्या घरात एकदा खरी आग लागली होती. मी सहा वर्षांची होते. बाबा महाल भागातल्या व्यापाऱ्याकडे लुगडी पोचवायला गेले होते. आई चरख्यावर कांड्या भरत होती आणि मी तिच्याजवळ बसून रिकाम्या कांड्यांची आगगाडी करत होते. खळ शिजवायला ठेवलेला स्टो भडकला, आणि शेजारी सुताच्या लडी वाळत होत्या. सूत कसं पेटतं ते पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आवाज होत नाही, नुसतं सगळं एकदम पिवळं होतं. मला त्यातलं फार थोडं आठवतं, पण जे आठवतं ते हलत नाही. आईनं झोळीतून सरिताला उचललं. मला नाही, सरिताला. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाली, "चाल." आणि मग तिची पाठ. पुढे सगळा धूर, आणि त्या धुरात आईची पाठ, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे टकामका पाहणारं सरिताचं तोंड. ती रडतसुद्धा नव्हती. मी चालत बाहेर आले, एकटी, माझी मी. माग जळाला, अर्धं विणलेलं लुगडं जळालं, बाबा पुढे कुणाच्या तरी कापडाच्या दुकानात मापं टाकायला लागले. माणसं तेवढी सगळी वाचली. गल्लीतल्या बायका आईचं कौतुक करून थकत नसत, परक्याची लेक आधी उचलली म्हणून. भीमाबाई तर मरेपर्यंत दर दिवाळीला आईच्या पाया पडायची आणि आई दरवेळी तिला रागवायची. मी ते ऐकत मोठी झाले. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. पण रात्री आईच्या कुशीत झोपताना मी कधीकधी तिचा हात उचलून माझ्या अंगावर ठेवायची आणि तो खाली सरकतो का ते पाहत जागी राहायची. कधी सरकला नाही. तरी पाहायची.

तर मग सोमवारी माझ्या हातांनी काय केलं? प्रेम केलं, असं म्हणायला सोपं आहे. सरिता तेच म्हणाली, "ताई, माय आहे, हात जाणारच." पण मी स्वतःला फार काळापासून ओळखते. त्या दारात बेड अडकवून उभी होते तेव्हा, त्या चव्वेचाळीस सेकंदांतला पहिला एखादा सेकंद, मला चक्क बरं वाटलं होतं. जणू मी आईला दाखवत होते, बघ, आपल्या माणसाला असं आधी उचलायचं असतं. याची मला इतकी लाज वाटली की तीन नंबरला इंजेक्शन देऊन झाल्यावर मी लिननच्या खोलीत जाऊन धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर पाच मिनिटं बसले. सहा वर्षांच्या मुलीनं रुसावं, हरकत नाही. सेहेचाळीस वर्षांच्या इन्चार्ज सिस्टरनं, पांढऱ्या गणवेशात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून, असा हिशेब चुकता करायचा?

मंगळवारी संध्याकाळी घरी गेले ती आईला दवाखान्याचा गाऊन टोचतो म्हणून तिचं एखादं मऊ लुगडं न्यायला. तिच्या ट्रंकेत सगळ्यांत वर ते लुगडं असतं, तेच, आगीच्या दिवशी तिच्या अंगावर होतं ते. जांभळ्या काठाचं, बाबांनी विणलेलं. पदराचा वीतभर तुकडा गेलेला आहे. आमच्या घरात रफू करण्यात आईचा हात कुणी धरत नसे. तिनं भरलेलं भोक उजेडात धरूनही सापडायचं नाही. हे एक भोक मात्र तिनं तसंच ठेवलंय, पांढऱ्या दशा लोंबतात. लहानपणी मी विचारलं की ती म्हणायची, "राहू दे, त्याले हात लावू नको." मी समजून चालले की आगीची आठवण म्हणून ठेवलंय, जळालेला पदर. घडी घालून परत ठेवलं आणि दुसरं घेतलं. घराचा जिना उतरता उतरता ठरवलं की आईला तळमजल्यावरच्या स्पेशल रूममध्ये हलवायचं. म्हणजे ड्रिल होवो की काही होवो, माझ्या वॉर्डात माझं कुणी नसेल आणि माझे हात आपोआप शहाणे होतील.

बुधवारी हे आईला सांगितलं तर ती पहिल्यांदा भिंतीकडून माझ्याकडे वळली. "काहून?" "तुला आराम पडेल." "खोटं बोलून राहिली तू. लहानपनी पन बोलाची तं असंच नाक उडाचं तुहं." मग मी खरं सांगितलं. म्हणाले की मला माझी भीती वाटते, तू इथे असलीस की मी बाकीच्यांना विसरेन. बारा नंबरची मुलगी कान देऊन ऐकत होती तरी बोलले. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे आता निळसर झालेत. "मी कोठी जात नाही," ती म्हणाली. "मी खाली गेली तं तुही भीती वर राहीन, तुह्यापाशी. मी इथंच राहतो. तू शिक." एवढं बोलून तिनं सरिताला हाक मारली आणि संत्र्याची फोड मागितली. मी भैय्याजींच्या खोलीत गेले आणि सांगितलं की चार्ज माझ्याकडेच राहील. ते म्हणाले, "पक्का?" मी म्हणाले, "पक्का नाही. पण राहील." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि वही मिटली.

दुसरी ड्रिल झालीच नाही. गुरुवारी, ऐन मेच्या उन्हात, सव्वाबाराला चार नंबरच्या खिडकीतला कूलर बंद पडला. शंभर वर्षांची मी होईन, पण कूलरचा ओल्या वाळ्याचा वास म्हणजे उन्हाळा हे माझ्या नाकातून जाणार नाही. त्या वासात एक दुसरा वास मिसळला, काहीतरी वितळतंय असा. मी तक्त्यावरून मान वर केली तोवर कूलरच्या पंपाच्या वायरीतून धूर निघत होता आणि वरच्या कोरड्या गवतानं एकदम पेट घेतला. सगळं पिवळं झालं, आवाज न करता. सहा वर्षांची मुलगी माझ्या आत उभी राहिली आणि कोपऱ्यात अकरा नंबरकडे पाहू लागली. मीही पाहिलं. आई माझ्याकडेच पाहत होती. चादरीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून तिनं नाकावर धरलं होतं, शिकवल्यासारखं. ते बाजूला करून ती ओरडली, त्या म्हाताऱ्या कुडीत एवढा आवाज कुठून आला कोण जाणे, "माह्याकडं पाहू नको! चाल!"

आणि मी चालले. काच फोडून घंटा दाबली, सरिताला मेन स्विच सांगितला, कॉरिडॉरमधल्या पेटीतला ऑक्सिजनचा कॉक फिरवला. चार नंबरला हाताला धरून खिडकीपासून ओढली. अनुसयानं दाराची दोन्ही पानं उघडली होती, सोमवारपासून ती कडी तिनं लावलीच नव्हती. "हिरव्या रिबिनी, चला! एकमेकींचे खांदे धरा, बाटल्या वर, पळू नका!" हा माझाच आवाज होता. बारा बायका अनुसयाच्या मागे आग अडवणाऱ्या लोखंडी दारापलीकडे शेजारच्या विंगेत गेल्या. मग दोन खुर्च्या. सरिता अग्निशामकाची पिन ओढून झाडू मारल्यासारखी नळी आगीच्या बुडाशी फिरवत होती आणि खोकत होती. धूर पंख्यापर्यंत उतरला. शेजारच्या वॉर्डातून ब्रदर पुष्कर धावत आला, त्याला डोक्याकडची बाजू दिली. तीन नंबर आगीच्या जवळ, ती आधी. मग सहा. मग नऊ. प्रत्येक फेरीला मी अकरा नंबरच्या समोरून जात होते आणि पाहत नव्हते. पाहिलं नाही, एकदाही नाही. फक्त नऊ नंबरच्या आजी देवाचा धावा करायला लागल्या तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "अवं घाबरू नका, माही पोरगी हाय ती, सोडत नसते." हात माझे होते आणि मी सांगत होते तेच करत होते. चौथ्या फेरीत धुरात मला लाल रिबिन दिसली नाही, मी बेडची दांडी चाचपून शोधली. आई डोळे मिटून पडली होती. मी वाकून ब्रेक सोडला तेव्हा तिनं न बघता हात पुढे केला आणि माझ्या गणवेशाचा खिसा मुठीत धरला.

दाराच्या उंबऱ्यावर चाक उडालं, बेडला हिसका बसला, आणि टर्र असा आवाज झाला. खिसा वरपासून खालपर्यंत उसवून फाटला, पेनं आणि थर्मामीटर फरशीवर पडले, मूठ मात्र सुटली नाही. आम्ही लोखंडी दाराच्या पलीकडे आलो आणि पुष्करनं दार ओढून घेतलं. तिकडे हवा होती. भैय्याजी यादी घेऊन उभे होते, आत त्यांची माणसं गेली होती, आग सरितानंच अर्धी विझवली होती असं कुणीतरी सांगत होतं. "अठरा?" त्यांनी विचारलं. मी मोजलं. "अठरा." "क्रम?" "पाळला." ते वेळ सांगणार होते, मी हातानं नको म्हटलं. मला खाली बसायचं होतं आणि बसता येत नव्हतं, कारण आईनं धरून ठेवलं होतं. सरिता आली, काजळीनं तोंड माखलेलं, आणि तिनं आईच्या कपाळाला कपाळ लावलं. तिच्याकडे मी पाहिलं, तेच टकामका डोळे, आणि मला तिची इतकी माया आली की मी तिचं नाक माझ्याच फाटक्या खिशाच्या सुट्या टोकानं पुसलं.

"खिसा फाडलास माझा," मी आईला म्हणाले, कारण दुसरं काही बोलले असते तर रडले असते. "तुह्या वेळी माहा पदर फाटला, मी काही म्हनलं होतं का?" आई डोळे न उघडता म्हणाली. "कोणता पदर?" "ट्रंकेतला. दुसरा कोनता?" "तो जळलाय ना." आता तिनं डोळे उघडले. "जळला? जळल्या कापडाची कड काळी असते वं. कोष्ट्याची पोरगी अन् एवढं पाह्यलं नाही तू? एका हातावर सरिता, दुसऱ्या हातानं कवाड उघडाचं, तुले धराले हात होताच कुठं. म्हनून म्हनलं तुले, पदर धर अन् चाल. उंबऱ्यात ठेचकाळली तू, पदर टराटरा फाटला, पन तुही मूठ काही उघडली नाही. मंग बाहेर दोन बायकांनी एक एक बोट उघडलं, तवा तुकडा निघाला." ती बोलत होती आणि माझ्या उजव्या मुठीत काहीतरी येत होतं. ओलसर, खळीच्या वासाचं, अंगठ्याखाली घट्ट पिळलेलं सूत, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी, पुढे ओढणारं, सगळा वेळ. धुरातली ती पाठ माझ्यापासून हातभर लांब होती, कारण पदर तेवढाच होता.

भैय्याजी खाकरले. बायकांना खाली न्यायचं होतं, स्ट्रेचर आलं होतं, सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. मी वाकून म्हणाले, "आई, सोड आता. सगळे पाहून राहिले."

"तू सोडला होता का?" ती म्हणाली आणि तिनं मूठ आणखी आवळली.